सेमिनारला पहिल्यांदा जाताय? सोलापुरातल्या गणित-संगणकवाल्यांसाठी

डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर कागद लागतो: ‘सिंग्युलरली पर्टर्ब्ड समस्यांसाठी पॅरामीटर-युनिफॉर्म संख्यात्मक पद्धती. दुपारी साडेतीन. नंतर चहापान.’ एम.एस्सी.ची पोरं समोर उभी राहतात, वाचतात. त्यातला कळलेला एकच शब्द म्हणजे चहापान. मग कुणीतरी म्हणतं, “जाऊ की बे, हजेरी तरी लागंल.” आणि सगळे शेवटच्या रांगेत जाऊन बसतात.

मीही तशीच बसत होते. आता त्याच खोलीत पुढे उभी राहून बोलते, म्हणून हे लिहितेय. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, एम.एस्सी., एम.सी.ए.ला किंवा पीएचडीच्या उंबरठ्यावर असाल आणि उपयोजित गणितातल्या किंवा संगणकातल्या संशोधनाचा सेमिनार ऐकायची वेळ आली असेल, तर काय करायचं ते क्रमाने सांगते. सेमिनार पूर्ण कळावा म्हणून जायचं नसतं. तिथून एक गोष्ट उचलायची आणि त्याच रात्री ती स्वतःच्या हाताने करून बघायची. पुढची सगळी पायऱ्या-पायऱ्यांची उठाठेव त्या एका गोष्टीसाठी आहे.

आधी सेमिनार शोधा

आपलं विद्यापीठ २००४ साली सुरू झालं. त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता पुण्याच्या रस्त्यावर केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र एकाच संकुलात आहेत. आपल्या कामाची पहिली जागा तीच. वालचंद, संगमेश्वर, दयानंद अशा शहरातल्या कॉलेजांतही व्याख्यानं होतात. जाहिरात मात्र फारशी नसते. बोर्डावर एक कागद लागतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतो, संपलं. त्या ग्रुपमध्ये कुणाला तरी गाठा.

दुसऱ्या कॉलेजातून येणार असाल तर आयोजक सरांना किंवा मॅडमना दोन ओळी पाठवा: “नमस्कार सर, मी अमुक कॉलेजात एम.एस्सी. गणित, भाग १ ला आहे. शुक्रवारच्या सेमिनारला बसलो तर चालेल का?” नाही म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. रिकाम्या खुर्च्यांची काळजी आयोजकाला तुमच्यापेक्षा जास्त असते.

बोर्डावरच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय तेही बघा. विभागाचा सेमिनार तासाभराचा असतो: पाऊण तास बोलणं, बाकी प्रश्न. कलोक्वियममध्ये वक्त्याने वेगळ्या शाखेच्या लोकांनाही समजेल असं बोलायचं असतं, त्यामुळे नवख्याने सुरुवात तिथून केलेली बरी. ‘राष्ट्रीय परिषद’ लिहिलं असेल तर दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल, श्रीफळ आणि अर्थातच चादर, एवढं सगळं धरून चालायचं. एका ठिकाणी (नाव नको) सत्कारातच पाऊण तास गेला आणि पुण्याहून आलेल्या बाईंना त्यांचं काम सांगायला वीस मिनिटं उरली. सर्टिफिकेटसाठी आलेली मंडळी तोवर जेवणाच्या रांगेत होती. अशा परिषदांना जरूर जा, पण शिकायला आठवड्याचा साधा सेमिनारच जास्त कामी येतो.

आठवड्यात काहीच नसलं तर घरबसल्या सोय आहे. बंगळुरूच्या आय.सी.टी.एस. या संस्थेची व्याख्यानं यूट्यूबवर असतात, एनपीटीईएलवर आयआयटीचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. फक्त एक करा: ऑनलाइन ऐकतानाही वही उघडी ठेवा. नाहीतर ते व्याख्यान भाकरी थापता-थापता ऐकलेल्या रेडिओसारखं होतं.

आदल्या संध्याकाळी: ॲबस्ट्रॅक्टची चिरफाड

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच बहुतेक जण हार मानतात.

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे व्याख्यानाचा पाच-सात ओळींचा गोषवारा. तो वाचून कळत नाही म्हणून पोरं घाबरतात. अहो, तो पहिल्या वाचनात कळण्यासाठी लिहिलेलाच नसतो. त्यातले न कळलेले शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. दहा निघाले तर त्यातले दोनच निवडा, जे शीर्षकातही आले आहेत ते. त्या दोन शब्दांवर अर्धा तास घालवा.

वरच्याच नोटिशीचं करून दाखवते. पहिला शब्द, सिंग्युलरली पर्टर्ब्ड. शोधल्यावर कळतं की एका अवकल समीकरणात सगळ्यात वरच्या कोटीच्या अवकलजाला एप्सिलॉन नावाची फार लहान संख्या गुणलेली आहे, समजा ०.००१. ती लहान आहे म्हणून शून्य धरून टाकली तर समीकरणाची कोटीच घसरते. मग दोन टोकांना दिलेल्या दोन अटींपैकी एक लोंबकळत राहते. खरं उत्तर काय करतं? बहुतेक सगळ्या पट्ट्यात शांतपणे चालतं आणि एका टोकाशी, एप्सिलॉनएवढ्या रुंदीच्या चिंचोळ्या जागेत, एकदम उडी घेऊन ती राहिलेली अट पूर्ण करतं. त्या चिंचोळ्या जागेला बाउंडरी लेयर म्हणतात.

दुसरा शब्द, पॅरामीटर-युनिफॉर्म. एक एकक लांबीच्या पट्ट्याचे सारखे वीस भाग केले तर एक भाग ०.०५ चा, म्हणजे उडी घ्यायच्या जागेच्या पन्नासपट मोठा. आपल्या जाळीला, म्हणजे ज्या बिंदूंवर उत्तर काढायचं त्या बिंदूंच्या रांगेला, ती उडी दिसतच नाही. मध्य-फरकाची साधी पद्धत (दोन्ही बाजूंच्या शेजारी बिंदूंवरून अवकलज काढायची) वापरली तर उत्तर त्या टोकाजवळ वेडंवाकडं वर-खाली व्हायला लागतं. तेव्हा एप्सिलॉन कितीही लहान केलं तरी चूक हाताबाहेर जाणार नाही अशी पद्धत हवी. ती पॅरामीटर-युनिफॉर्म.

सोलापूरकराला हे गड्डा यात्रेवरून लगेच पटावं. संक्रांतीच्या यात्रेत शहरभर दर किलोमीटरला एक पोलीस उभा केला तर हिशेबाने बंदोबस्त समान झाला, पण यात्रा भरते त्या होम मैदानावर काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही. निम्मे पोलीस होम मैदानावर लावा, उरलेले निम्मे बाकीच्या शहरात. रशियन गणिती शिश्किन यांच्या नावाने ओळखली जाणारी जाळी हेच करते: निम्मे बिंदू त्या चिंचोळ्या जागेत, निम्मे उरलेल्या पट्ट्यात. ही जागा कुठे संपली असं धरायचं, ते एप्सिलॉन आणि बिंदूंच्या संख्येचा लॉगॅरिदम यांच्या गुणाकारावरून ठरतं.

बघा, अर्ध्या तासात शीर्षक सुटलं. उद्या वक्ता जे सांगेल त्यातलं तीस टक्के तरी ओळखीचं वाटेल, आणि पहिल्या सेमिनारला तेवढं पुष्कळ आहे.

विषयाचा पत्ता लावायला आणखी एक युक्ती आहे. गणितातल्या संशोधन लेखावर बहुतेक वेळा विषयाचे आकडे दिलेले असतात. ६५ म्हणजे संख्यात्मक विश्लेषण, ३५ म्हणजे आंशिक अवकल समीकरणं, ७६ द्रवगतिकी, ९० ऑपरेशन्स रिसर्च, ९२ जीवशास्त्रातलं गणित, ६८ संगणकशास्त्र. वक्त्याचे लेख आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळण्याची बरीच शक्यता असते. त्यातल्या एखाद्याची फक्त प्रस्तावना वाचा. सिद्धतेत शिरू नका, तिथे रात्र जाईल.

खोलीत

दुसऱ्या रांगेत बसा. पहिली रांग प्राध्यापकांची असते आणि शेवटची डुलक्या घेणाऱ्यांची. मे महिन्यात दुपारी साडेतीनला पंख्याखाली बसायचा मोह होतो, पण पंख्याचा आवाज आणि हळू बोलणारा वक्ता यांचं जमत नाही.

मोबाइलने प्रत्येक स्लाइडचा फोटो काढणं बंद करा. ते फोटो कुणी बघत नाही. माझ्या जुन्या फोनमध्ये अशा चारशे स्लाइडी होत्या, फोनबरोबर गेल्या, काही अडलं नाही. वही घ्या. पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोन आखा आणि वक्ता जे-जे चिन्ह वापरेल ते त्यात अर्थासकट लिहीत जा. सेमिनारमध्ये माणूस हरवतो तो प्रमेयांपेक्षा चिन्हांनी जास्त.

माझ्याच वेळची गोष्ट. वक्त्यांनी सुरुवातीला ‘एन’ म्हणजे जाळीतल्या बिंदूंची संख्या असं सांगितलं. नवव्या-दहाव्या स्लाइडवर तोच ‘एन’ पृष्ठभागाला लंब असलेला सदिश झाला. मी हरवले. मला वाटलं, माझीच अक्कल कमी. एवढ्यात पहिल्या रांगेतून निवृत्तीला आलेल्या एका सरांनी हात वर केला: “हा एन तो मघाचाच का हो?” वक्ते जीभ चावून म्हणाले, “नाही नाही, सॉरी, हा वेगळा.” माझ्या आजूबाजूच्या चार जणांनी एकदम वहीत खाडाखोड केली. म्हणजे हरवलेले आम्ही सगळेच होतो, विचारायला धजले ते एकटे.

पानाच्या डावीकडे फक्त तीन गोष्टी: प्रश्न काय आहे, आधी लोक काय करत होते, यांनी वेगळं काय केलं. मधला भाग डोक्यावरून गेला तरी शेवटची दहा मिनिटं कान टवकारा. ‘हे अजून जमलेलं नाही’ असं वक्ता तिथेच सांगतो, आणि उद्याच्या प्रोजेक्टचे विषय त्या वाक्यात असतात.

प्रश्न विचारायचा म्हणजे कसा

एक तरी विचाराच. चांगला प्रश्न सुचेना तर हे चार कायम खिशात ठेवा: हे सगळ्यात सोप्या उदाहरणात कसं दिसेल? ही अट काढून टाकली तर काय मोडतं? चूक किती लवकर कमी होते, जाळी दुप्पट बारीक केली तर? आणि संगणकाला किती वेळ लागला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला शिका, कारण वक्ते बहुधा एक तक्ता दाखवतात. जाळी दुप्पट बारीक केल्यावर चूक निम्मी झाली तर पद्धत पहिल्या कोटीची, पाव झाली तर दुसऱ्या कोटीची. तक्त्यात ओळीमागून ओळ चूक चारपटीने उतरतेय का, हे कुणीही नजरेने तपासू शकतं, त्याला पीएचडी लागत नाही. उतरत नसेल तर तोच तुमचा प्रश्न.

भाषेची भीती सोडा. आपल्याकडे घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी आणि सेमिनारला इंग्रजी असा कारभार असतो. वक्ते मराठी असतील तर “सर, एक शंका होती” म्हणून सरळ मराठीत विचारा, तांत्रिक शब्द इंग्रजीच राहू देत. बाहेरचे असतील तर प्रश्न आधी वहीत लिहून वाचून दाखवा. वाचून विचारलेला प्रश्न मला तरी कधी हलका वाटला नाही. टाळायचं ते एकच: स्वतःचं ज्ञान दाखवायला दोन मिनिटांचं भाषण करून शेवटी ‘तुमचं मत काय’ असं विचारणं. ते करणारे आधीच पुरेसे आहेत.

चहाच्या वेळी कोपऱ्यात मित्रांबरोबर बिस्किटं संपवू नका. कप हातात घेऊन वक्त्याजवळ जा, नाव सांगा, “मला सुरुवात कुठून करू ते सांगाल का?” एवढंच विचारा. एखाद्या पुस्तकाचं, एखाद्या प्रकरणाचं नाव मिळतं. ते तिथेच लिहून घ्या.

त्याच रात्री

आता मुख्य काम. ऐकलेल्यातलं एक सोपं उदाहरण त्याच रात्री करून बघायचं. पायथॉन, सायलॅब, ऑक्टेव्ह, काहीही फुकट चालेल. लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅब मोबाइलवरही उघडतं. प्रोग्रॅमिंग नवीन असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून धडे आहेत.

उदाहरण म्हणून आपला स्लॅब घेऊ. मे महिन्यात रात्री दहाला गच्चीखालच्या खोलीत पंखा लावला तर तो गरम वाराच फेकतो. का? उष्णता काँक्रीटमधून किती वेगाने पसरते ते सांगणारा गुणांक सेकंदाला साधारण ०.८ चौरस मिलिमीटर असतो. स्लॅब १२ सेंटिमीटर, म्हणजे १२० मिलिमीटर. जाडीचा वर्ग १४,४०० भागिले ०.८ केलं की १८,००० सेकंद येतात, पाच तास. हा ढोबळ हिशेब आहे, पण दुपारचं ऊन रात्री छतातून का उतरतं ते एका भागाकारात कळलं.

आता तेच संगणकावर. स्लॅबचे एक-एक सेंटिमीटरचे बारा थर करा. वरचा पृष्ठभाग समजा ६० अंशांवर, खालचा ३० वर, सुरुवातीला आतही सगळीकडे ३०. प्रत्येक थराचं पुढच्या क्षणाचं तापमान त्याच्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांवरून काढत जायचं, चार ओळींचा लूप आहे. काळाची पायरी ६० सेकंदांची घ्या: तापमान शहाण्यासारखं हळूहळू आत उतरतं. आता ६० च्या जागी ७० लिहा. बाकी काही बदलू नका. तासाभराचा हिशेब होईस्तोवर एक थर हजारो अंशांवर आणि त्याचा शेजारी तितकाच उणे!

प्रोग्रॅम चुकलेला नाही. या पद्धतीत काळाची पायरी ही अंतराच्या पायरीच्या वर्गाला त्या गुणांकाच्या दुपटीने भागून जे येतं त्यापेक्षा मोठी चालत नाही. १०० भागिले १.६, म्हणजे ६२.५ सेकंद. ६० आत बसले, ७० नाही. थर अर्ध्या सेंटिमीटरचे केले तर मर्यादा १५.६ सेकंदांवर येते: थर दुप्पट, पायऱ्या चौपट, काम आठपट. सेमिनारमध्ये कुणी ‘कंडिशनली स्टेबल’ (अशी अट पाळली तरच उत्तर ताब्यात राहणारी पद्धत) म्हणालं की मला अजूनही तो ७० चा आकडा आठवतो. तरंगांच्या समीकरणासाठी अशी अट कोरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ साली मांडली, इलेक्ट्रॉनिक संगणक यायच्या आधी. मशीन नसताना मशीन कुठे अडखळेल ते त्यांनी कागदावर सांगून ठेवलं, याचं मला फार कौतुक आहे.

या तापमानांचा आलेख काढा आणि दुसऱ्या दिवशी वक्त्यांना किंवा आपल्या सरांना पाठवा. ‘व्याख्यान छान झालं’ या मेसेजला अंगठा येतो. आलेखाला उत्तर येतं.

तुमची पाळी येईल तेव्हा

सात-आठ सेमिनार ऐकल्यावर कुणीतरी तुमच्या गळ्यात एक घालतंच. पीएचडी करणाऱ्यांना तर प्रबंध देण्याआधी विभागात सगळ्यांसमोर काम मांडावंच लागतं, तेव्हा सवय लवकर लागलेली बरी.

चाळीस मिनिटांना पंधरा स्लाइड खूप झाल्या. दुसऱ्या स्लाइडवर उदाहरण आलं पाहिजे आणि ते शक्यतो समोरच्यांच्या ओळखीचं असावं. आमच्याकडे एकीने मॅट्रिक्सचा गुणाकार मागावरून समजावला होता. उभा धागा आडव्याच्या वर असेल तिथे १, खाली असेल तिथे ०, की विणलेलं कापड म्हणजे शून्य-एकचं मॅट्रिक्स. उभे धागे चौकटींत ओवून गटागटाने उचलतात अशा साध्या किंवा डॉबी मागावर हे मॅट्रिक्स तीन लहान मॅट्रिक्सच्या गुणाकारातून येतं: कुठला धागा कुठल्या चौकटीत ओवला, कुठल्या चौकटी एकत्र उचलायच्या, आणि कुठल्या क्रमाने. आठ चौकटी असतील तर सगळ्या कापडात आठाहून जास्त वेगवेगळे स्तंभ येऊच शकत नाहीत. मग आपल्या चादरीवरचे मोर कसे येतात? जॅकार्डमुळे, तिथे धागे चौकटीत बांधलेले नसतात, भोकं पाडलेल्या कार्डावरून सुटे-सुटे उचलता येतात. फ्रान्समधल्या जॅकार्डची ही १८०४ च्या सुमाराची युक्ती इंग्रज गणिती बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली होती. खोलीतल्या निम्म्या पोरांच्या घरात कुणी ना कुणी मागावर काम केलेलं. त्या दिवशी शेवटच्या रांगेतूनही प्रश्न आले.

बाकीचं पटकन सांगते. स्लाइडींची पीडीएफ पेनड्राइव्हवर आणि मेलवर, दोन्हीकडे ठेवा, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट हमखास फुटतो. प्रोजेक्टरची वायर आदल्या दिवशी जोडून बघा. लाइट गेली तर बोर्डावर दहा मिनिटं सांगता येईल एवढं पाठ ठेवा, खडू स्वतःचा न्या. घरच्यांसमोर एकदा घड्याळ लावून बोला. माझी आई गणितातलं ओ की ठो न कळताही ‘इथं तू घाई केलीस’ हे बरोबर सांगायची. आणि उत्तर येत नसेल तर “बघून सांगते” म्हणा, मग खरंच बघून सांगा.

एक काम नवख्यांवर नेहमी ढकललं जातं: पाहुण्यांना स्टेशनवर सोडणं. ते आनंदाने घ्या. रेल्वेने पुण्याला परतणारे पाहुणे गाडी सुटेपर्यंत तुमचेच असतात, आणि मंचावर न सांगितलेल्या गोष्टी, कुठली पद्धत वर्षभर चालली नाही, कुठला लेख परत आला, त्या अर्ध्या तासात निघतात. वाटेत त्यांना शेंगा चटणी घ्यायची असतेच. पिशवी दुहेरी मागून घ्या, चटणीला तेल सुटतं. माझ्या पहिल्या पाहुण्यांनी मी दिलेल्या प्रिंटआउटवर दुरुस्त्या करून कागद पोस्टाने परत पाठवले, तेव्हा तिसऱ्या पानावरच्या आलेखावर तळहाताएवढा तांबूस डाग होता. बाजूला त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: “हा बाउंडरी लेयर नव्हे.”